तारखांची वही

मोटारशर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फॉर्म्युला वन उभी राहते : कोट्यवधींच्या गाड्या, जाहिरातींनी मढलेले चालक, शॅम्पेनचे फवारे. या खेळातल्या निम्म्याहून अधिक संघांनी ज्या इंग्लंडात कार्यशाळा थाटल्या आहेत, तिथेच या खेळाचे दुसरे, मोठे आणि जवळजवळ अदृश्य घर आहे. ब्रिटनमधले सातशेच्या आसपास मोटार क्लब ‘मोटरस्पोर्ट यूके’ या राष्ट्रीय संस्थेशी संलग्न आहेत. गॅरेजवाले, शिक्षक, शेतकरी, निवृत्त कारकून असे त्यांचे सभासद. पदाधिकाऱ्यांना मानधन नाही आणि जिंकणाऱ्याला मिळतो तो बहुधा एक चषक, तोही पुष्कळदा पुढच्या वर्षी परत करायचा. हे क्लब आणि राष्ट्रीय संस्था यांच्या मधे आणखी एक पायरी आहे, ती प्रादेशिक संघांची. वायव्य इंग्लंडातल्या क्लबांचा एक संघ, नैर्ऋत्येकडच्यांचा एक, पूर्वेकडच्यांचा एक, वेल्सचा एक, असे हे जाळे देशभर आहे आणि त्यांचे प्रतिनिधी राष्ट्रीय संस्थेच्या प्रादेशिक समितीवर बसतात. कागदावर पाहिले तर या संघांच्या हाती काहीच नाही. स्पर्धेची परवानगी राष्ट्रीय संस्था देते, चालकाचा परवाना तीच देते, विम्याची सोयही तिचीच. संघाकडे जमीन नाही, पगारी नोकरवर्ग नाही, डोळ्यांत भरेल अशी तिजोरी नाही. तरीही हे संघ दशकानुदशके चालत आले आहेत. ते कशाच्या जोरावर चालतात आणि मरगळतात तेव्हा नेमके काय हरवलेले असते, हे कळले तर हौशी संस्थांना एकत्र ठेवण्याच्या कोड्याची एक बाजू सुटते.

उत्तराचे मूळ ब्रिटनच्या कायद्यात आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावायला कायद्याची आडकाठी पहिल्यापासून. म्हणूनच १९०३ ची गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत आयर्लंडात न्यावी लागली. बर्मिंगहॅमकडच्या मिडलँड ऑटोमोबाइल क्लबने १९०५ मध्ये शेल्सली वॉल्श इथे खासगी जमिनीवरच्या चढणीत शर्यत सुरू केली, ती आजही होते. १९०७ मध्ये ब्रुकलँड्सचा बांधीव ट्रॅक झाला. पण चढण किंवा ट्रॅक परवडणारे क्लब थोडे होते. बाकीच्यांनी कायद्याच्या फटीतून वाट काढली. वेगाची शर्यत करायची नाही, रस्ता शोधण्याची करायची. ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा मांडीवर, शेजारी वाटाड्या, रात्रीची वेळ आणि ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या मिनिटाला पोचायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर या रात्रीच्या रॅलींचे पेव फुटले. वेल्सच्या अरुंद गल्ल्यांतून शनिवारच्या मध्यरात्री गाड्यांची रांग जाऊ लागली, गावकऱ्यांची झोप उडाली, तक्रारी वर गेल्या आणि १९६० च्या दशकात नियम आले. १९६९ पासून इंग्लंड-वेल्समध्ये लागू असलेल्या नियमांनुसार अशा स्पर्धांना परवानगी लागते. तपासणीचे काम सरकारने रॉयल ऑटोमोबाइल क्लबकडे सोपवले, आज ते मोटरस्पोर्ट यूके पाहते. सरासरी वेग ताशी तीस मैलांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. बारापर्यंत गाड्या असलेल्या छोट्या स्पर्धांना मात्र सवलत आहे आणि म्हणून ‘ट्वेल्व्ह-कार’ हा रॅलीचा एक स्वतंत्र प्रकारच तिथे रूढ झाला. कायद्याच्या आकड्यावरून खेळाचे बारसे व्हावे, हे फक्त ब्रिटनमध्येच होऊ जाणे.

या नियमांचा खरा परिणाम वेगळाच झाला. गल्ली कुणा एका क्लबाची राहिली नाही. एका क्लबाच्या स्पर्धकाने रात्री दोन वाजता एखाद्या शेतकऱ्याच्या दारात इंजिन घुमवले, तर त्याचा राग पुढच्या महिन्यात तिथून जाणाऱ्या, पूर्णपणे निर्दोष अशा दुसऱ्या क्लबावर निघतो. गावाला क्लबांची नावे ठाऊक नसतात. ‘ते रॅलीवाले’ एवढेच ठाऊक असते. गावाची मर्जी ही अशी सर्वांनी मिळून खर्च करायची आणि सर्वांनी मिळून जपायची पुंजी ठरली. माझे म्हणणे एवढेच आहे की प्रादेशिक संघ टिकतो तो अशा सामायिक पुंजीवर. कुणाही एकाच्या मालकीच्या नसलेल्या, पण संपल्या तर सगळेच उपाशी राहतील अशा तीन-चार गोष्टी असतात : तारखा, वाटा, माणसांचे हात आणि गावाची मर्जी. त्यांचे वाटप जो संघ करतो त्याच्या बैठकीला भांडकुदळ क्लबही न चुकता येतो. जो करत नाही, त्याच्या बैठकीला मित्रही येईनासे होतात.

तारखांचेच घ्या. ब्रिटनमध्ये आठवडे बावन्न असले तरी हौशी क्लबाला परवडणारे शनिवार-रविवार फार थोडे. शेतीच्या हंगामात काही भाग वर्ज्य, उन्हाळ्यात पर्यटकांनी भरलेला किनारा वर्ज्य, राष्ट्रीय मालिकेतल्या मोठ्या रॅलीचा दिवस वर्ज्य. शेजारशेजारच्या दोन क्लबांनी एकच रात्र धरली तर स्पर्धक विभागतात, मार्शल म्हणजे वाटेवर बंदोबस्ताला उभे राहणारे स्वयंसेवक विभागतात, दोघांचाही हिशेब तोट्यात जातो आणि दोन्ही मार्ग एकाच गावातून जात असतील तर बदनामी दुप्पट होते. आपल्याकडच्या वाचकाला हे समजवायला लांब जायला नको. जुन्नर-आंबेगाव-खेड पट्ट्यातल्या बैलगाडा घाटांचे गणित असेच गावोगावच्या यात्रांच्या तारखांवर चालते. आज या गावचा घाट, परवा त्या गावचा, म्हणून गाडामालकाला दोन्हीकडे जाता येते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, तेव्हा एरवी घाटात एकमेकांना पाण्यात पाहणारे गाडामालक संघटना करून उभे राहिले. २०१७ चा राज्याचा कायदा, डिसेंबर २०२१ मधली न्यायालयाची परवानगी आणि मे २०२३ चा घटनापीठाचा निकाल, एवढी लांब वाट एकेकट्या गावाला चालता आली नसती.

तारखांइतकीच टंचाई हातांची. रॅलीतल्या एका स्पेशल स्टेजवर, म्हणजे वेळ मोजून वेगाने पार करायच्या टप्प्यावर, प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक पायवाटेच्या तोंडाशी मार्शल लागतो; शिवाय रेडिओवाले, वेळ टिपणारे, बचावगाडी, डॉक्टर. बहुतेक सगळे स्वयंसेवक. २०१३ मध्ये स्कॉटलंडच्या स्नोमॅन रॅलीत एक आणि २०१४ मध्ये जिम क्लार्क रॅलीत तीन प्रेक्षक गाडीखाली दगावले. चौकशी झाली, प्रेक्षकांच्या सुरक्षेचे नियम कडक झाले आणि मार्शलांची गरज आणखी वाढली. शंभर सभासदांचा क्लब एवढी माणसे कुठून आणणार? शेजारच्या क्लबाकडूनच. हा व्यवहार जुना आहे. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या मोटर सायकलिंग क्लबाची ‘लँड्स एंड’ ही ट्रायल १९०८ पासूनची. ती अनेक परगणे ओलांडत जाते आणि वाटेतल्या चिखलाच्या चढणींवर स्थानिक क्लबांची माणसे उभी असतात. आपल्या लावणीला शेजारी, त्याच्या लावणीला आपण, ही सावड कोकणातल्या शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. मात्र सावडीलाही हिशेब लागतो. कोण किती वेळा आले, कोण नुसतेच घेऊन गेले, याची कुणीतरी निःपक्षपाती नोंद ठेवावी लागते. त्या नोंदीची जागा म्हणजे संघ.

छोट्या क्लबासाठी आणखी एक गोष्ट मोलाची. ब्रिटनच्या नियमांत सर्वात खालच्या, ‘क्लबमन’ दर्जाच्या स्पर्धेत आयोजक क्लबाचे आणि त्याने निमंत्रण दिलेल्या क्लबांचेच सभासद उतरू शकतात. वरच्या दर्जाची परवानगी महाग आणि कटकटीची. पण निमंत्रण प्रादेशिक संघाला दिले की संघातल्या क्लबांना ते पोचते आणि चाळीस सभासदांच्या क्लबाच्या ऑटोटेस्टला, म्हणजे शंकूंभोवती गाडी फिरवण्याच्या स्पर्धेला, दहा गावचे स्पर्धक येऊ शकतात. तांत्रिक वाटणारी ही तरतूद एकीला किती पोषक आहे हे सहज लक्षात येत नाही. संघाबाहेर पडणाऱ्या क्लबाला कुणी शिक्षा करत नाही. त्याच्या मैदानावर गाड्या कमी येतात, एवढेच.

यावर पहिला आक्षेप असा की आता संगणक आहे. राष्ट्रीय संस्थेने एक सामायिक दिनदर्शिका उघडली की तारखांचा प्रश्न मिटला, मधली पायरी हवी कशाला? आक्षेप अगदीच पोकळ नाही. तारखांची टक्कर संगणक दाखवतो खराच. पण कुणी माघार घ्यायची, हे तो सांगत नाही. ते सांगायला, यंदा तू सरक, पुढच्या वर्षी मी सरकतो, असे तोंडावर म्हणणारी माणसे लागतात. मार्गाच्या बाबतीत तर खुद्द राष्ट्रीय संस्थेनेच स्थानिक ज्ञानाची गरज मान्य केली आहे. रस्त्यावरच्या रॅलीचा मार्ग तपासायला तिने विभागवार मार्ग-संपर्क अधिकारी नेमले आहेत. कोणत्या वाडीत आजारी म्हातारे आहेत, कुठल्या शेतात मेंढ्यांची वीण चालू आहे, हे त्यांना ठाऊक असते. मल बेटाचे उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलके आहे. स्कॉटलंडच्या या बेटावरची रॅली १९६९ मध्ये लँकशरमधल्या ब्लॅकबर्नच्या ‘२३०० क्लब’ने सुरू केली आणि १९९० पासून खास कायद्याने तिच्यासाठी रस्ते बंद होऊ लागले. २०१७ मध्ये कायदा आणि विमा यांचा पेच उभा राहिला; ती आणि पुढची अशा दोन रॅली रद्द झाल्या. नवे नियम झाल्यावर २०१९ मध्ये ती परतली. पेच कागदाचा होता आणि कागद वरच्याच पातळीवर सुटायचा होता, हे खरे. पण रॅली परत यावी असे बेटालाच वाटत नसते, तर नुसत्या नियमांनी रस्ते बंद झाले नसते.

दुसरा आक्षेप मोठ्या क्लबांचा असतो : आमची माणसे, आमचे साहित्य, आणि मत मात्र चाळीस सभासदांच्या क्लबाइतकेच. तक्रार समजण्यासारखी आहे, पण हिशेब अर्धा आहे. मोठ्या क्लबाची मोठी रॅली छोट्या क्लबांच्या मार्शलांवर उभी असते आणि तिच्यातले चालक याच छोट्या क्लबांच्या ऑटोटेस्टमध्ये, मोकळ्या वाहनतळावर शंकूंभोवती गाडी फिरवत शिकलेले असतात. नर्सरी दुसऱ्याच्या अंगणात आणि फळे आपल्या टोपलीत, असे असताना मताचा भाव करणे शोभत नाही. तरी खर्चाची वाटणी सभासदसंख्येनुसार आणि मत समान, एवढी तडजोड मोठ्यांच्या रोषावर उतारा ठरू शकते.

तिसरे म्हणणे असे की लोकांना संघाशी बांधून ठेवते ती त्याची वार्षिक अजिंक्यपद मालिका, गुणतक्ता आणि वर्षअखेरीचे बक्षीस समारंभाचे जेवण. बाकी सारे कारकुनी. इथे मी सहमत नाही. गुणतक्ता दहा-वीस चुरशीच्या चालकांना बांधतो, क्लबांना नव्हे. ज्या संघाचे काम आक्रसत आक्रसत चषक घासून ठेवण्यापुरते उरते, त्याची घसरण सुरू झालेली असते. चषक कितीही चकाकला तरी. घसरणीची लक्षणेही ठरलेली. एकच चिटणीस वीस वर्षे, बैठक आठवड्याच्या मधल्या रात्री पन्नास मैल दूर, गेल्या सभेचे इतिवृत्त वाचण्यात पाऊण तास, आणि मग तरुण क्लब प्रतिनिधी पाठवणे बंद करतो. गणपूर्ती होत नाही म्हणून सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवायची, ही युक्ती आपल्या सहकारी सोसायट्यांनाही पाठ आहे. यावरचे उपाय साधे आहेत. तारखांची बैठक वर्षातून एकदा, समोरासमोर, बाकीच्या पडद्यावर. प्रत्येक क्लबाकडे एक तरी काम : कुणाकडे घड्याळे, कुणाकडे रेडिओ, कुणाकडे नव्या मार्शलांचे प्रशिक्षण. ज्याच्याकडे काम आहे त्याची खुर्ची रिकामी राहत नाही.

बाहेरून संकट आले की संघाची किंमत सगळ्यांनाच कळते, पण तेव्हा तो नव्याने उभारता येत नाही. १९६७ मध्ये जनावरांच्या लाळ-खुरकत रोगामुळे रॉयल ऑटोमोबाइल क्लबची ‘आरएसी रॅली’ सुरू होण्याच्या आदल्या दिवशी रद्द करावी लागली; २००१ मध्ये त्याच रोगाने ग्रामीण भाग महिनोन्महिने बंद राहिला. २००६ च्या कायद्याने इंग्लंडातल्या, नोंद नसलेल्या अनेक जुन्या वाटांवरचा मोटारींचा हक्क संपला. त्या लढाईत मोटार आणि मोटारसायकल संघटनांची ‘लारा’ ही सामायिक संस्था त्यांच्या बाजूने बोलत होती. उलट बाजूला, २०१५ च्या डिरेग्युलेशन कायद्याने रस्ते बंद करून शर्यत घेण्याची वाट उघडली आणि एप्रिल २०१८ मध्ये चेम्सफर्ड मोटर क्लबने एसेक्समधल्या क्लॅक्टन परिसरात बंद रस्त्यांवरची इंग्लंडमधली पहिली स्टेज रॅली घेतली. १९०३ मध्ये आयर्लंडला गेलेली शर्यत एकशे पंधरा वर्षांनी इंग्लंडच्या रस्त्यावर परतली म्हणायची.

भारतात या खेळाची मुळे खोल आहेत. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ ची, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा, आणि क्लबांचा राष्ट्रीय महासंघ एफएमएससीआय १९७१ चा. तरीही या खेळावर अधिकार कुणाचा, यावरून महासंघ आणि मोटरस्पोर्ट्स असोसिएशन ऑफ इंडिया यांच्यात वाद झालाच. त्या वादात कोण बरोबर होते हा इथला विषय नाही. भांडण अधिकाराचे होते, तारखांचे नव्हते, हे मात्र नोंदण्यासारखे आहे. तारखांचे भांडण एका संध्याकाळी मिटते. नाशिक, पुणे, कोल्हापूर, गोवा या पट्ट्यात रॅली, मोटोक्रॉस, ऑफ-रोडिंग करणाऱ्या मंडळींना पावसाळा सोडून आठच महिने मिळतात आणि मार्शल, रुग्णवाहिका, घाटरस्ते सगळ्यांना तेच हवे असतात. त्यांनी संघाची घटना, बोधचिन्ह आणि अध्यक्षपद यांच्या वाटेला तूर्त जाऊ नये. पुढच्या वर्षीची दिनदर्शिका भिंतीवर लागेल, तेव्हा एका टेबलाभोवती बसून प्रत्येकाने आपापल्या तारखा एकाच वहीत लिहाव्यात आणि शेजारच्या क्लबाच्या स्पर्धेला किती माणसे देणार, तो आकडाही पुढे मांडावा.