पहिले पिस्तूल

पॅरिसच्या ऑलिंपिक स्पर्धेत २८ जुलै २०२४ रोजी मनु भाकर हिने १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक मिळविले. १ ऑगस्ट रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने रायफल प्रकारात तेच यश संपादन केले. स्वप्निलचे वडील शिक्षक. त्यामुळे आम्हां शिक्षक मंडळींना त्या पदकाचे कौतुक अंमळ अधिकच वाटले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सौंसरकडील एक संत्रा-बागायतदार माझ्याकडे आले. त्यांची मुलगी आमच्या शाळेत नववीत शिकते. खुर्चीवर बसताच ते म्हणाले, "गुरुजी, यंदा बागेचा सौदा झाला की पोरीला पिस्तूल घेऊन द्यावं म्हणतो. दुकानदार म्हणतो, घ्यायचं तर विलायतीच घ्या. लाखाच्या वर जाते. तुम्ही सांगा, काय करू?"

मी मराठीचा पदवीधर. पिस्तुलातले मला काय कळणार? परंतु या बाबतीत एकदा माझे हात पोळले होते. काही वर्षांपूर्वी पुतण्याच्या हट्टाखातर मी शहरातील एका दुकानातून एक देखणे, स्वस्त एअर पिस्तूल आणले. प्रशिक्षकांनी ते हातात घेतले आणि हसून परत केले. नेम एकसारखा लागेना, चाप दगडासारखा जड, मूठ मुलाच्या पंजाहून मोठी. आज ते आमच्या कपाटावर धूळ खात पडले आहे. म्हणून त्या गृहस्थांना उत्तर देण्यापूर्वी मी जाणकारांना विचारले, नियम वाचले. त्यातून जे समजले ते आपल्या वाचक-कुटुंबांपुढे ठेवतो.

प्रथम हा खेळ काय आहे ते पाहू. १० मीटरवरील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे असते. एका हाताने पिस्तूल धरून पाऊण तासावर आणखी अर्धा तास, म्हणजे ७५ मिनिटांत, ६० छर्रे मारावयाचे. नियमानुसार पिस्तुलाचे वजन १५०० ग्रॅमपेक्षा अधिक नसावे, चाप ५०० ग्रॅमहून हलका नसावा आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा असावा. या मर्यादांत न बसणारे पिस्तूल कितीही सुंदर असले तरी स्पर्धेच्या कामाचे नाही.

घरच्या आजीबाईंचा मात्र वेगळाच आक्षेप होता : "पोरीच्या हाती पिस्तूल? पोलीस येतील ना!" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी गोटमारीत दरवर्षी डोकी फुटतात, त्याची आम्हांला सवय झाली आहे; आणि जेथे बोट हलविण्यापूर्वी श्वाससुद्धा आवरावा लागतो, त्या खेळाची मात्र धास्ती वाटते! २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या हवेच्या शस्त्रास परवाना लागत नाही. तरीही ओळखपत्र दाखवून, पक्की पावती घेऊनच ते खरेदी करावे. ते खेळणे नव्हे. छर्ऱ्याने डोळा जाऊ शकतो. पिस्तूल व छर्रे वेगवेगळे, कुलपात ठेवावेत. बागेतील पाखरांवर ते कधीही रोखू नये.

आता किमतीचा प्रश्न. हवेच्या पिस्तुलाचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यात दाबलेल्या हवेची नळकांडी असते. झटका कमी, नेम एकसारखा. परंतु २०० बारपर्यंत हवा भरण्याची सोय लागते. दुसऱ्यात कार्बन डायॉक्साइड वायू असतो. आपल्याकडील उन्हाळ्यात आणि थंडीत त्याचा दाब बदलतो, त्याबरोबर नेमही हलतो. तिसऱ्यात प्रत्येक छर्ऱ्यापूर्वी एकदाच दांडा ओढून हवा भरावी लागते. साठ वेळा दांडा ओढताना लहान मुलाचा हात दमतो हे खरे, पण नळकांडी नाही, पंप नाही, वरखर्च थोडा. बेताच्या मिळकतीच्या घरी असे पिस्तूल अथवा देशी बनावटीचे नळकांडीचे पिस्तूल प्रारंभी पुष्कळ झाले.

जुने पिस्तूल घेण्यातही कमीपणा नाही. मात्र नळकांड्यावरील तारीख अवश्य वाचावी. त्याचे आयुष्य साधारणतः दहा वर्षांचे धरतात. स्वस्तात मिळालेल्या जुन्या पिस्तुलाचे नळकांडे बदलावे लागले, तर वाचविलेले पैसे तेथेच जातात. मूठ पाहावी : ती उजव्या हाताची की डावखुऱ्याची, पंजास बसते की नाही. मूठ हातात सैल असेल, तर महागड्या नळीचा उपयोग नाही. शिवाय छर्ऱ्यांचे डबे, प्रवास आणि प्रवेशशुल्क यांसाठी निम्मी रक्कम हाताशी ठेवावी. सगळे पैसे पिस्तुलात घालून छर्ऱ्यांवाचून बसलेली मुले प्रशिक्षकांनी पाहिली आहेत.

परंतु सर्वांत मोलाचा सल्ला सर्वच प्रशिक्षकांनी एकमुखाने दिला : पहिले पिस्तूल सर्वांत शेवटी घ्यावे. आरंभीचे काही महिने वर्गातील पिस्तुलावर शिकावे. स्वप्निलही महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतूनच घडला. आपल्या राज्यात भोपाळला शासनाची नेमबाजी अकादमी असून तेथे निवडचाचणीतून प्रवेश मिळतो. तोवर घरी किलोभर पाण्याची बाटली हात लांब करून कोऱ्या भिंतीसमोर धरावी आणि घड्याळ लावावे. रोज हे कंटाळवाणे काम जो मुलगा वा मुलगी करील, त्याच्यासाठी पैसा खर्च करावा.

हे सारे मी त्या गृहस्थांना सांगितले. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे सध्या घ्यायचंच नाही?"

"सध्या नाही," मी म्हणालो.

सौदा झाल्यावर त्यांनी पैसे बँकेत ठेवले. मुलगी दर रविवारी वडिलांबरोबर नागपूरला जाते आणि वर्गातील पिस्तुलावर शिकते. पाच महिने झाले. बाटलीचा सराव तिने सोडलेला नाही. परवा ती शाळेच्या व्हरांड्यात भेटली तेव्हा मी विचारले, "मग, कोणतं घ्यायचं ठरलं?"

ती म्हणाली, "सर, मला लहान मुठीचं लागेल. बाकीचं बाबांना परवडेल ते."