मूळ पाठ द्या, बाकीचं आम्ही बघून घेऊ

मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालंय, पण या गावाचं आणि मराठीचं नातं साडेसातशे वर्षांचं. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या लीळा, म्हणजे आठवणी, जमवायला म्हाइंभट निघाले ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. ज्यानं प्रसंग पाहिला त्याला गाठायचं, खोदून विचारायचं, दुसऱ्याच्या सांगण्याशी ताडून बघायचं आणि मग लिहायचं. ‘लीळाचरित्र’ असं रिद्धपुरात घडलं. पुढं परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत गेली आणि ज्याच्या त्याच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. साहजिकच पाठ वेगवेगळे झाले. महानुभावांनी ते फरक दडपले नाहीत. इथं अमक्याची ‘वासना’ अशी आहे, म्हणजे त्याच्याकडून आलेला पाठ असा आहे, हे पोथीतच नोंदवून ठेवलं.

मूळ पाठ कोणता, तो कुणाकडून आला, मध्ये कुणी काय बदललं? हेच प्रश्न आज मुक्त संगणकप्रणालींच्या जगात कितीतरी माणसं रोज सोडवत बसलेली असतात, आणि त्यांनी काढलेल्या युक्त्या बघून थक्क व्हायला होतं.

आधी मुद्दा समजून घेऊ. प्रोग्रामर जो मजकूर लिहितो तो माणसाला वाचता येतो. त्याला सोर्स म्हणतात. कंपायलर त्या मजकुराचे प्रोसेसरला कळणारे आकडे करतो आणि आपल्या फोनवर किंवा संगणकावर सहसा येतात ते हे तयार आकडे. त्यावरून मूळ मजकूर जसाच्या तसा परत मिळवणं अशक्य. महानुभावांच्या सकळ लिपीला निदान किल्ली होती; ती हाती आल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांना पोथ्या वाचता आल्या. कंपायलर मात्र टिपा आणि नावं चक्क टाकून देतो. टाकलेलं कुठून परत आणणार?

म्हणून काही जण म्हणाले, आम्हाला तयार माल नको. सोर्स द्या, आमच्या यंत्रावर आम्ही बांधून घेऊ.

याची पहिली मोठी व्यवस्था फ्रीबीएसडी या प्रणालीत १९९४ साली जॉर्डन हबर्ड यांनी सुरू केली. तिचं नाव पोर्ट्स. आज त्यात ३० हजारांहून जास्त प्रोग्राम आहेत, पण खरं तर त्यात एकही प्रोग्राम नाही! कुठलाही पोर्ट उघडून बघा, एका फोल्डरात मोजक्या छोट्या फायली सापडतात. मेकफाइल सांगते की सोर्स कुठून आणायचा, आधी काय काय लागेल आणि बांधायचं कसं. दुसऱ्या फाइलीत चार ओळींचं वर्णन. ‘फाइल्स’ नावाचा एक पोटफोल्डर असला तर त्यात पॅच, म्हणजे मूळ मजकुरात या प्रणालीपुरते केलेले बदल. मूळ पाठाला हात न लावता बदल शेजारी वेगळा ठेवलेला, आणि तो कुणी, कधी, कशासाठी केला हे इतिहासात नोंदलेलं. वासना नोंदवणाऱ्या लेखनिकाला ही शिस्त लगेच ओळखू आली असती.

मला सगळ्यात आवडते ती ‘डिस्टइन्फो’ ही फाइल. तिच्यात सोर्सचा आकार आणि ६४ अक्षरांचा एक ठसा असतो. लाखो ओळींच्या मजकुरात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी ठसा पार बदलतो आणि बांधकाम जागच्या जागी थांबतं. पोथी उतरवून घेणाऱ्याची नजरचूक अशी क्षणात पकडली गेली असती, तर पाठभेदांवर आयुष्य घालवणाऱ्या आपल्या संशोधकांना वेगळं काम शोधावं लागलं असतं.

नेटबीएसडी या भावंड प्रणालीनं १९९७ मध्ये हीच कल्पना उचलली आणि पीकेजीएसआरसी केलं. ते लिनक्स, मॅकओएस, सोलारिस अशा वीसेक प्रणालींवर चालतं. ओपनबीएसडीकडेही पोर्ट्स आहेत, पण ती मंडळी स्वभावानं सावध. साध्या वापरकर्त्यानं आम्ही बांधलेलंच घ्यावं, असं ते स्पष्ट सांगतात.

जेंटूचा बाणा याच्या उलट. डॅनियल रॉबिन्स यांनी फ्रीबीएसडीच्या पोर्ट्सवरून प्रेरणा घेऊन ही लिनक्स प्रणाली उभी केली. २००२ मध्ये तिची १.० आवृत्ती आली. इथं ‘यूज फ्लॅग’ असतात. छपाई नको? ब्लूटूथ नको? तसं एका ओळीत लिहायचं, की तो भाग तुमच्या प्रोग्रामात शिरतच नाही. मग एकच नाव असलेला प्रोग्राम दोन माणसांच्या संगणकांवर दोन वेगळ्या घडणीचा निघतो. किंमत वेळेत मोजायची. क्रोमियमसारखा ब्राउझर साध्या लॅपटॉपवर बांधायला तासन्‌तास लागतात, आणि अकोल्याच्या मे महिन्यात हे करू नये, एवढा सल्ला मी कुणालाही फुकट देईन. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये जेंटूनंही मोठ्या प्रमाणावर तयार पॅकेजं द्यायला सुरुवात केली. मला यात तत्त्वच्युती दिसत नाही. ज्याला बांधायचंय त्याची वाट मोकळीच आहे.

बांधावं की तयार घ्यावं, हा वाद निक्स या साधनानं जवळपास निकालात काढला. नेदरलँड्समधल्या युट्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००३ च्या सुमारास ते सुरू केलं. सोर्स, पॅच, कंपायलर, बांधायची पद्धत, या सगळ्यांचा मिळून एक ठसा काढायचा आणि तो प्रोग्रामच्या पत्त्यातच घालायचा. काहीही बदललं की पत्ता बदलतो. जुनं जागेवर, नवं शेजारी. नवं बिघडलं तर जुन्यावर परत. आणि तुमच्या ठशाचं काम दुसऱ्या कुणी आधीच बांधून ठेवलं असेल, तर तयार माल उतरवून घ्या.

पण ठसा जुळला म्हणजे पाठ शुद्ध, असं नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला जाणवलं की दुसऱ्या यंत्रावर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते पोचले एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या साधनात दडवलेल्या चोरवाटेपर्यंत. तिला जागं करणारा तुकडा सगळ्यांच्या नजरेसमोरच्या सोर्समध्ये नव्हताच, तो फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. ठसा त्याच गठ्ठ्याचा, त्यामुळे तो बिनचूक जुळत होता.

आणि कंपायलरचं काय? १९८३ मध्ये ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात केन थॉम्प्सन यांनी दाखवलं होतं की कंपायलरच लबाड असेल, तर स्वच्छ सोर्समधूनही मलिन प्रोग्राम निघतो. कंपायलर बांधायला कंपायलर लागतो, त्याला आणखी आधीचा. ही गुरुपरंपरा कुठंतरी एका तयार आकड्यांच्या गाठोड्यावर जाऊन थांबते, आणि त्याच्या आत काय आहे हे कुणी वाचलेलं नसतं.

निक्सच्याच कल्पनेवर उभ्या असलेल्या गिक्सच्या मंडळींनी हे गाठोडं वर्षानुवर्षं लहान करत नेलं. २०२३ मध्ये ते ३५७ बाइटांच्या एका प्रोग्रामवर आलं. त्यातून थोडा मोठा, त्यातून आणखी मोठा, असं करत करत अख्खा आधुनिक जीसीसी कंपायलर सोर्समधून उभा राहतो आणि त्याच्यावर हजारो पॅकेजं. हे बांधकाम हाकायला एक तयार प्रोग्राम आणि प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, अजून लागतातच, तेवढं बाकी आहे. पण ३५७ बाइट म्हणजे किती? संगणकात देवनागरीचं एकेक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की अनुस्वार, सहसा तीन बाइट घेतं. त्या हिशेबानं ३५७ बाइटांत ११९ चिन्हं मावतील, आणि हे वाक्य त्यात आरामात बसतं.