संधिवात मेंदूपर्यंत पोहोचतो तेव्हा... काय आहे हा 'स्टिल्स डिसीज'?

सांधेदुखी म्हटलं की आपल्याला आजीचे गुडघे आठवतात. पण एक दुर्मिळ संधिवात असा आहे, जो लहान मुलांना आणि ऐन पंचविशीतल्या तरुणांनाही गाठतो. तो बिघडला तर मेंदूलाही सोडत नाही. त्याचं नाव स्टिल्स डिसीज.

लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १८९७ मध्ये २२ मुलांमध्ये हा आजार नोंदवला. मोठ्यांनाही तो होतो, हे १९७१ मध्ये डॉ. एरिक बायवॉटर्स यांनी १४ रुग्णांच्या अभ्यासातून मांडलं.

यात रोज, बहुतेकदा संध्याकाळी, सणकून ताप चढतो आणि काही तासांत उतरतो. सोबत सांधे धरतात, घसा दुखतो आणि अंगावर फिकट गुलाबी पुरळ येतं. गंमत म्हणजे हे पुरळ तापाबरोबर येतं आणि तापाबरोबरच जातं, त्यामुळे सकाळी दवाखान्यात दाखवायला काहीच उरत नाही! सावळ्या त्वचेवर तर ते पटकन दिसतही नाही. नेहमीची आरए फॅक्टर टेस्टही सहसा निगेटिव्ह येते. आपल्याकडे आधी मलेरिया, टायफॉइड, टीबी तपासले जातात आणि ते बरोबरच आहे, कारण हे सगळं नाही म्हटल्यावरच स्टिल्सचं निदान होतं.

मग मेंदूचा संबंध येतो कुठे?

या आजारात रोगप्रतिकारक यंत्रणा जंतू नसतानाही पेटते आणि सायटोकाइन नावाची रसायनं रक्तात ओतत राहते. अंदाजे दहातल्या एका रुग्णात ही आग हाताबाहेर जाते. शरीरातल्या मॅक्रोफेज नावाच्या सफाई कामगार पेशी स्वतःच्याच रक्तपेशी गिळू लागतात. याला मॅक्रोफेज अ‍ॅक्टिव्हेशन सिंड्रोम म्हणतात. कोविडमध्ये ऐकलेलं 'सायटोकाइन स्टॉर्म' आठवतंय? हा त्याचाच भाऊबंद. मेंदूभोवतीचं संरक्षक कवच या माऱ्यात सैल पडतं, आत सूज येते. मग माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो, फिट येते, कधी थेट कोमात जातो. घरचे मात्र 'तापात बरळतोय' म्हणून सकाळची वाट बघत बसतात.

खरी फसगत रिपोर्टमध्ये आहे. स्टिल्समध्ये ईएसआर आणि प्लेटलेट्स वाढलेल्या असतात. वादळ सुरू झालं की दोन्ही खाली येतात, आणि रिपोर्ट 'सुधारल्यासारखा' दिसतो! म्हणूनच मुलांसाठीच्या २०१६ च्या निकषांमध्ये प्लेटलेट्स १ लाख ८१ हजार किंवा त्याखाली येणं ही धोक्याची खूण धरली आहे. एरवी लॅब हा आकडा नॉर्मल म्हणूनच छापते. त्याच वेळी फेरिटिन मात्र हजारोंच्या घरात जातं.

उपचार आहेत. मोठ्या डोसची स्टेरॉइड्स, आणि सायटोकाइन अडवणारी अनाकिन्रा किंवा टोसिलिझुमॅबसारखी औषधं (हो, कोविडमध्ये ज्यासाठी धावपळ झाली तेच टोसिलिझुमॅब). मेंदूची लक्षणं असतील तर एमआरआय आणि पाठीतलं पाणी तपासून जंतुसंसर्ग नाही ना, हे आधी बघावं लागतं.

घरात कुणाला असा रोजचा ताप असेल तर संध्याकाळी पुरळ दिसताच मोबाईलवर फोटो काढून ठेवा. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे जाताना फक्त ताजा रिपोर्ट नको, जुने सगळे सोबत न्या. आणि स्टिल्सचा रुग्ण असंबद्ध बोलू लागला किंवा त्याला फिट आली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठा.