दीडपट वेगातला देकार्त

गेल्या पावसाळ्यात मी ठरवलं, पाश्चात्य तत्त्वज्ञानाचा इतिहास 'संपवायचा'. हो, संपवायचाच. वेब सीरिज संपवतात तसा. डोंबिवली ते सीएसएमटी, जाऊन-येऊन अडीच तास. कानात इअरफोन, मोबाइलवर लेक्चर्स आणि स्पीड दीडपट. पहिल्या आठवड्यात थेलीझपासून सॉक्रेटिसपर्यंत पोहोचले. गणपतीत अॅरिस्टॉटल उरकला, दिवाळीच्या आधी देकार्त. आपण काय भारी शिकतोय, असं वाटत होतं.

मग एक दिवस चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेल्या मैत्रिणीने विचारलं, "काय ऐकतेस गं रोज?" मी ऐटीत सुरू केलं. देकार्त म्हणतो, मन आणि शरीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शरीर जागा व्यापतं, मन व्यापत नाही. मन विचार करतं, शरीर करत नाही. ती कॉमर्सची. शांतपणे म्हणाली, "मनाला जागाच नाही, तर ते माझा हात कसं काय हलवतं? ढकलायला काहीतरी लागेल ना?"

मी गप्प. ठाणे आलं, मुलुंड गेलं, तरी गप्पच. इतकी लेक्चर्स ऐकून झाली होती आणि पहिल्याच प्रश्नाला माझी दांडी गुल!

घरी जाऊन तेच लेक्चर पुन्हा लावलं. या वेळी साध्या वेगात. आणि चाटच पडले. हाच प्रश्न १६४३मध्ये खुद्द देकार्तला विचारला गेला होता. विचारणारी होती बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ. वय २४. घराण्याचं राज्य गेलेलं, कुटुंब हेगमध्ये आश्रयाला. तिने पत्र लिहून विचारलं, आत्मा जर भौतिक नाही, तर तो शरीराला हलवतो कसा? देकार्तने उत्तर दिलं. तिचं समाधान झालं नाही आणि तिने तसं कळवलंही. पत्रव्यवहार सुमारे सहा वर्षं चालला आणि त्यातूनच पुढे भावनांवरचं देकार्तचं १६४९चं पुस्तक आकाराला आलं.

हे सगळं मी आधी ऐकलं होतं बरं का! फक्त दीडपट वेगात कानावरून गेलं होतं. मैत्रिणीने विचारलं तेव्हा तो प्रश्न माझा झाला, म्हणून या वेळी उत्तर ऐकू आलं.

गंमत म्हणजे या अडचणीवर प्लेटोने केव्हाच बोट ठेवलंय. त्याच्या 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिस लिखित शब्दाबद्दल तक्रार करतो. लिहिलेल्या मजकुराला काही विचारलं, तर तो पुन्हा पुन्हा तेच सांगतो. रेकॉर्डेड लेक्चरचंही तेच. कितीही वेळा रिवाइंड करा, सर तेच वाक्य तितक्याच उत्साहात बोलणार. तुम्हाला कळलं की नाही, हे त्यांना कधीच कळणार नाही.

म्हणजे लेक्चर्स ऐकायचीच नाहीत का? मुळीच नाही. एवढा खजिना आधीच्या कुठल्याच पिढीला फुकट मिळाला नव्हता. पीटर अॅडमसन २०१०पासून 'मधला कुणीही सुटता कामा नये' अशा हट्टाने पॉडकास्ट करतायत. एक भाग साधारण २० मिनिटांचा. त्यात इब्न सिना, इब्न रश्द यांनाही भरपूर जागा आहे. त्यांच्याशिवाय युरोपचं मध्ययुग कळत नाही, हे मला तिथेच समजलं. आर्थर होम्स यांची ८१ लेक्चर्सची जुनी मालिका यूट्यूबवर आहे. अगदी वर्गात बसल्यासारखी. बीबीसीवर १९८७मध्ये ब्रायन मॅगी यांनी १५ भागांत तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांशी गप्पा मारल्या. मला त्या सगळ्यात जवळच्या वाटतात, कारण समोर कुणीतरी 'थांबा, हे कसं?' असं विचारणारं बसलेलं आहे. इंग्रजी जड जात असेल, तर आधी मराठी विश्वकोशातली त्या तत्त्वज्ञाची नोंद वाचा. ती ऑनलाइन आहे. कॉलेजच्या लायब्ररीत दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' असेल, तर उत्तमच. धूळ झटकावी लागेल, एवढंच.

आता माझी पद्धत बदललीये. जाताना एक लेक्चर, येताना काहीच नाही. येताना फक्त आठवायचं, सर नक्की काय म्हणाले? आठवत नसेल, तर ते झालंच नाही असं धरायचं. प्रत्येक लेक्चरनंतर वहीत एक प्रश्न लिहायचा. 'हे पटलं' चालणार नाही, प्रश्नच हवा. आणि ज्याच्याबद्दल ऐकलं, त्याचं स्वतःचं थोडं तरी वाचायचं. प्लेटोचं 'अपॉलॉजी' म्हणजे सॉक्रेटिसचं कोर्टातलं भाषण एका रविवारी वाचून होतं. देकार्तची 'मेडिटेशन्स' सहाच आहेत. रोज एक धरली, तर आठवड्यात पुस्तक संपतं आणि एक दिवस सुट्टी मिळते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक माणूस शोधा. तत्त्वज्ञान शिकलेलाच हवा असं नाही. उलट नसलेलाच बरा. 'म्हणजे काय?' असं न लाजता विचारणारा हवा. लेक्चरमध्ये जे नसतं, ते तो देतो.

माझी कॉमर्सवाली आता रोज जागा धरून ठेवते. बसल्या बसल्या पहिलं वाक्य ठरलेलं, "हं, आज कोण?" त्या भीतीने मी नीट ऐकते. दिवाळीपासून आत्तापर्यंत मी देकार्तपासून फक्त स्पिनोझापर्यंत पोहोचलेय. या वेगाने कांट यायला पुढचा पावसाळा उजाडेल.

येऊ दे सावकाश. आमचे प्रश्न तयार असतील.