कोथिंबिरीची ॲलर्जी आणि रक्ताचा अहवाल

कोथिंबीर पोटात गेल्यावर काही मिनिटांत ओठांना खाज सुटते, अंगावर गांधी उठतात, क्वचित धाप लागते. अशा वेळी रक्तात कोथिंबिरीविरुद्धचे आयजीई हे प्रतिपिंड आहे का, ते तपासतात. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी ते स्वतंत्रपणे शोधले. रक्तात ते इतके कमी असते की पहिल्या चाचण्यांत त्याचा माग किरणोत्सारी आयोडीन लावून काढावा लागे.

आता ते काम प्रकाशावर होते. रक्त गोठले की वरचा पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, वेगळा काढतात. कोथिंबिरीच्या अर्कातील प्रथिने सेल्युलोजच्या इवल्याशा स्पंजावर पक्की बसवलेली असतात. त्यावर सीरम सोडले की जुळणारे आयजीई तेवढे चिकटते, बाकीचे धुऊन जाते. मग आयजीईला धरणारे, विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड घालतात. विकराच्या क्रियेने द्रव चमकू लागतो. चमक जितकी जास्त, तितके आयजीई जास्त. ०.३५ किलोयुनिट प्रति लिटर ही जुनी सीमारेषा. नवी यंत्रे ०.१ पर्यंत मोजतात. ॲलर्जीच्या गोळ्या चालू असल्या तरी निकाल बदलत नाही. त्वचेवरच्या चाचणीआधी मात्र त्या काही दिवस थांबवाव्या लागतात.

खरी अडचण अहवाल हाती आल्यावर सुरू होते. आकडा फक्त एवढेच सांगतो की शरीराने त्या प्रथिनाची ओळख ठेवली आहे. खाल्ल्यावर त्रास होईलच असे नाही. युरोपात भूर्जवृक्षाच्या किंवा दवण्याच्या जातकुळीतल्या मगवर्टच्या परागकणांची ॲलर्जी असणाऱ्या अनेकांचे आयजीई सेलरी, गाजर, धने, बडीशेप यांच्याशीही जुळते, कारण प्रथिनांची घडण सारखी असते. त्यांतले कित्येक जण हे सारे बिनदिक्कत खातात. अशा माणसाची कोथिंबीर निव्वळ आकड्यावरून बंद करणे चुकीचेच.

उलटही घडते. अर्क बनवताना नाजूक प्रथिने मोडली तर खरी ॲलर्जी असूनही चाचणी कोरी येते. मग ताज्या पानाला सुई टोचून तीच सुई लगेच त्वचेला टोचतात. शिजवण्याचाही फरक पडतो: काही प्रथिने उष्णतेने निकामी होतात, पण कोथिंबिरीच्याच कुळातली सेलरीची पूड तापवल्यानंतरही काहींना बाधते. त्यामुळे वरून पेरलेली कच्ची कोथिंबीर बाधली की भाजलेले धने, हे डॉक्टरांना नेमके सांगायला हवे.

कोथिंबीर साबणासारखी लागणे ही मात्र ॲलर्जी नव्हे. तो गंधाच्या जाणिवेतला फरक आहे. आयजीजी हे वेगळे प्रतिपिंड मोजून पदार्थांची लांबलचक यादी देणाऱ्या महागड्या चाचण्याही ॲलर्जी दाखवत नाहीत, कारण आयजीजी नेहमीच्या खाण्याविरुद्धही तयार होते. शंका उरलीच तर रुग्णालयात, तातडीच्या उपचारांची तयारी ठेवून, कोथिंबीर अल्प प्रमाणापासून वाढवत खाऊ घालतात आणि त्यावरून निदान पक्के करतात.