कारागिराचा मुकादम होतो तेव्हा



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने संगणकाच्या धंद्यावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी दहावीनंतर कारखान्यात गेलो. पुढे जे काही शिकलो ते यंत्रापाशी, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. संगणकाचा प्रोग्राम मला लिहिता येत नाही. परंतु या सभागृहात असे घर क्वचितच असेल, की ज्यातला एखादा मुलगा, सून, भाचा किंवा पुतणी सॉफ्टवेअरच्या कंपनीत नाही. ही मुले दिवसभर नेमके काय करतात, हे घरच्यांना सहसा ठाऊक नसते. एके दिवशी ती पेढे घेऊन येतात आणि सांगतात, "बढती झाली." पेढे आपण खातो, त्या बढतीत माणसाचे काय होते, हे मात्र कोणी विचारीत नाही. आज तेवढेच समजून घ्यावयाचे आहे.

माझा भाचा गेल्या वर्षी टीम लीड झाला. आठजण त्याच्या हाताखाली आले. महिन्याभराने तो रविवारी घरी आला आणि चहा होताच म्हणाला, "मामा, दिवसभर मीटिंगा होतात, आणि संध्याकाळी वाटते की आज मी काहीच केले नाही." त्याच्या या एका वाक्यात सगळा विषय आहे.

प्रथम शिडी पाहू. नवा मुलगा लागतो तेव्हा त्याला लहान, आखून दिलेले काम मिळते. एखाद्या बँकेच्या प्रोग्राममध्ये तारीख चुकीची दिसते, ती दुरुस्त कर, एवढेच. त्याने लिहिलेला कोड मुख्य प्रोग्रामात घालण्यापूर्वी दुसरा सहकारी तो ओळीओळीने वाचतो आणि शंका काढतो. दोनतीन वर्षांनी त्याला एक संपूर्ण भाग सोपवितात. उदाहरणार्थ, खातेदाराने पैसे पाठविले आणि मध्येच तार तुटली, तर पैसे दोनदा जाऊ नयेत याची व्यवस्था. त्यानंतर तो 'सीनियर' होतो. आता काय करावयाचे याबरोबरच काय करावयाचे नाही, हेही त्याने सांगावे अशी अपेक्षा असते. येथपर्यंतची वाट सुताराच्या किंवा फिटरच्या वाटेसारखीच आहे. हात तयार होतो, नजर तयार होते, आणि मान वाढतो.

येथे शिडीला दोन फाटे फुटतात. एक फाटा माणसांचा: टीम लीड, इंजिनिअरिंग मॅनेजर, डायरेक्टर, व्हाइस प्रेसिडेंट. दुसरा फाटा विद्येचा: आर्किटेक्ट, प्रिन्सिपल इंजिनिअर आणि तत्सम. नावे कंपनीगणिक बदलतात. हा दुसरा फाटा आजचा नव्हे. आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभीच 'फेलो' हे पद काढले होते, ते याचसाठी, की उत्तम तंत्रज्ञाला मोठे होण्यासाठी अधिकारी होण्याची सक्ती पडू नये. आपल्याकडे हा दुसरा फाटा कागदावर पुष्कळ ठिकाणी असतो; घरच्यांना आणि सोयरिकीला मात्र "हाताखाली किती माणसे?" एवढाच प्रश्न सुचतो.

माझे म्हणणे असे, की पहिल्या फाट्यावर पाऊल ठेवणे ही वरची पायरी नसून तो धंदेबदल आहे. कोड लिहिणाऱ्याला संध्याकाळी आपले काम दिसते. पुढाऱ्याचे काम दुसऱ्यांच्या हातून होते आणि महिन्यांनी दिसते. पूर्वी तो यंत्राला आज्ञा देत होता. यंत्र रुसत नाही, आणि चुकले तर का चुकले ते शोधता येते. आता त्याला माणसांचे ऐकावयाचे असते, आणि माणूस आपली अडचण पहिल्या भेटीत सांगत नाही.

या धंदेबदलाची सर्वांत प्रांजळ हकीकत फ्रेडरिक ब्रूक्स यांनी लिहून ठेविली आहे. हे गृहस्थ १९५६ साली आयबीएममध्ये लागले. ७ एप्रिल १९६४ रोजी त्या कंपनीने 'सिस्टीम ३६०' ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्या उभारणीचे ते प्रमुख होते. पुढे त्याच यंत्रांना चालविणारा प्रचंड प्रोग्राम, 'ओएस ३६०', त्यांच्याकडे आला. ऐन भरात या कामावर हजाराहून अधिक माणसे होती. यंत्रे झाली, पण प्रोग्राम रखडला. कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन (धाकटे) यांनी ब्रूक्स यांना विचारले होते, की प्रोग्रामचे काम सांभाळणे इतके अवघड का? त्याचे उत्तर ब्रूक्स यांनी १९७५ साली पुस्तकरूपाने दिले. 'द मिथिकल मॅन-मंथ' हे त्या पुस्तकाचे नाव.

त्यातला प्रसिद्ध सिद्धांत असा, की उशीर झालेल्या प्रोग्रामवर आणखी माणसे घातली तर उशीर वाढतो. हे ऐकून माझ्यासारखा कारखान्यातला माणूस चमकतो. खड्डा खणावयाचा असेल तर चारांच्या जागी आठजण लावल्यास काम लवकर होते. पण एका चुलीवर, एका तव्यावर दहा बायका बसविल्या म्हणून भाकरी लवकर भाजत नाही. शिवाय नव्या माणसाला काम समजावून सांगावे लागते, आणि ते सांगावयाला जुन्यालाच आपले काम टाकून उठावे लागते. चारजणांत एकमेकांशी बोलण्याच्या जोड्या सहा होतात; आठजणांत अठ्ठावीस; पन्नासजणांत बाराशे पंचवीस. माणसे दुप्पट झाली तर बोलणे चौपटीहून अधिक होते. म्हणून भाच्याच्या मीटिंगा हा रिकामटेकडेपणा नव्हे. अठ्ठावीस धाग्यांचा गुंता होऊ न देणे, आणि त्यांतले अनावश्यक धागे तोडून लोकांना शांतपणे काम करू देणे, हेच त्याचे नवे काम होते.

ब्रूक्स यांच्या पुस्तकातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. प्रोग्रामचा आराखडा कोणी लिहावा, असा प्रश्न पडला होता. एका अधिकाऱ्याजवळ दहा निवडक माणसे होती; तो म्हणाला, आम्ही दहा महिन्यांत करू. ठरल्या मुदतीपेक्षा हे तीन महिने अधिक होते. दुसऱ्याजवळ दीडशे माणसे होती. तो म्हणाला, आम्ही मुदतीत करू, नाहीतर ही दीडशे माणसे रिकामी बसतील. पहिल्याने बजाविले, की दीडशेजणांनाही तितकाच उशीर लागेल आणि काम हलके होईल. ब्रूक्स यांनी दुसऱ्याचे ऐकले. पहिल्याचे दोन्ही शब्द खरे ठरले, आणि त्यापायी चुका निस्तरण्याचे काम सुमारे वर्षभर लांबले, असा अंदाज ब्रूक्स यांनी स्वतःच लिहिला आहे. आपला निर्णय चुकला, हे नावानिशी छापणारा अधिकारी मी फार थोडा पाहिला. पुढे १९९९ साली त्यांना संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

दुसऱ्याची चूक सांगितली, तेव्हा स्वतःचीही सांगतो. यंत्र सोडून मी युनियनच्या कचेरीत बसलो, तोही धंदेबदलच होता. एका कारखान्यात नवी सीएनसी यंत्रे आली आणि पाळीला किती नग काढावेत, याचा करार करावयाचा होता. मी एके काळी लेथवर होतो. मला वाटले, मला कळते. मी खात्यात न जाता मेजावरच आकडा मान्य केला. माझे हात अकरा वर्षे यंत्राला लागलेले नव्हते. तो आकडा गाठताना माणसांना पाणी प्यावयास उठणेही जड जाऊ लागले. तिसऱ्या आठवड्यात एक जुना सभासद कचेरीत येऊन एवढेच म्हणाला, "भाऊ, एकदा येऊन बघायचं होतंत." तो आकडा बदलून घ्यावयास मला पाच महिने लागले. संगणकाच्या धंद्यात तर साधने याहून लवकर बदलतात. कोड लिहिणे सुटले तरी चालेल. लिहिणाऱ्याशेजारी बसून पाहणे सुटता कामा नये.

मग अधिकारी नकोतच, असे कोणी म्हणेल. गूगल कंपनीने २००२ साली हा प्रयोग करून पाहिला होता. अभियंत्यांवरचे मॅनेजरच काढून टाकले. तो काही महिनेच टिकला, कारण खर्चाच्या बिलापासून आपसातल्या भांडणापर्यंत सगळे थेट मालकाकडे जाऊ लागले. त्याच कंपनीने पुढे आपल्या चांगल्या मॅनेजरांत काय असते, याचा अभ्यास केला. आठ गुण निघाले. पहिला गुण, माणसांना चांगले शिकविणे. तंत्राचे ज्ञान त्या यादीत होते, पण आठवे होते. जे आठवे, त्याच्याच जोरावर बहुतेकांना ही जागा मिळते. आणि जे पहिले, ते कोणी शिकविलेले नसते.

आपल्या मुंबईच्या गिरण्यांनी हा धडा फार पूर्वी घेतला आहे. तेथला जॉबर किंवा मुकादम हा मूळचा कामगारच असे. त्याच्या हाती कामावर घेण्याची आणि काढण्याची सत्ता आली, आणि तिच्याबरोबर दस्तुरी आली. शाही मजूर आयोगाने १९३१च्या अहवालात त्याच्या या सत्तेवर बोट ठेवले. जॉबर जन्मतः वाईट नव्हता. त्याच्या हाती माणसांची भाकरी दिली होती, आणि त्याला वर जाब विचारणारा नियम नव्हता.

भाच्याच्या हातीही ती भाकरी आली. वर्षअखेरीस त्याला सांगण्यात आले, की आठांपैकी एकाला शेवटच्या वर्गात घालावयाचे. आठहीजण नीट काम करीत होते. तो रात्री अकराला माझ्याकडे आला. मी त्याला इतकेच म्हटले, की प्रत्येकाचे काम तारीखवार लिहून काढ आणि ते घेऊन वर जा. तो गेला. वरच्यांनी त्याचे अर्धेच ऐकले. एकाची पगारवाढ गेली, नोकरी राहिली. ही बातमी त्याने ई-मेलने न कळविता त्या मुलासमोर बसून सांगितली आणि आपण काय लिहून दिले होते, तेही दाखविले. तो मुलगा अजून त्याच्याबरोबर काम करतो.

पेढ्यांबरोबर आणखी एक गोष्ट येते, ती कोणी सांगत नाही. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात तांत्रिक काम करणारा 'कामगार' होता, पण मुख्यतः व्यवस्थापनाचे काम करणारा नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तोच भेद आहे. देखरेखीचे काम करून महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा त्या व्याख्येबाहेर जातो. पदाचे नाव काय, यापेक्षा प्रत्यक्ष मुख्य काम कोणते, हे न्यायालये पाहत आली आहेत. तेव्हा कोड लिहिणारा अभियंता कपातीच्या वेळी ज्या संरक्षणावर हक्क सांगू शकतो, ते माणसे सांभाळू लागताच सुटण्याचा संभव असतो. बढतीचे पत्र घेताना 'माझे मुख्य काम कोणते' हे लेखी मागून घ्यावे.

तेव्हा घरातल्या मुलाला बढती मिळेल त्या दिवशी पेढे जरूर खावेत, आणि तीन गोष्टी विचाराव्यात. हे नवे काम तुला कोण शिकविणार? न जमल्यास मान न गमावता मागे कोडकडे येता येईल काय? आणि तुझ्या हाताखालचा माणूस तुझ्या तोंडावर 'साहेब, तुमचे चुकले' म्हणू शकेल काय? पहिल्या दोहोंची उत्तरे कंपनीने द्यावयाची आहेत. तिसऱ्याचे उत्तर त्याच्या स्वतःच्या वागण्यातून मिळते.

भाच्याला परवा विचारले, अजून वाटते काय रे, की दिवसभर काहीच केले नाही? तो म्हणाला, "वाटते. पण मामा, गेल्या आठवड्यात सर्वांत नव्या मुलीने माझी चूक भर मीटिंगमध्ये काढली." आणि हे सांगताना तो हसत होता.