आतून उपसलेलं

फिलिपिन्समधली तरुण मुलं मंचावर उभी राहून जी कविता म्हणतात, तिला 'हूगोत' म्हणून हिणवणारे तिथे पुष्कळ आहेत. तागालोग भाषेत हूगोत म्हणजे आतून ओढून काढणं. रूढ अर्थ मात्र प्रेमभंगाचे उमाळे. २०१५ मध्ये 'ऑन द विंग्ज ऑफ लव्ह' या मालिकेत कवी हुआन मिगेल सेवेरो यांनी भूमिका केली, कविता म्हटल्या, आणि मनिलाच्या कॅफेंतला हा प्रकार घरोघरी पोचला. या रडगाण्यांत मूल्यं कुठली शोधायची? पण सोडून गेलेल्या माणसाशी भांडणारा कवी खरं तर हिशेब मागत असतो: दिलेल्या शब्दाचं काय झालं, आणि माणूस माणसाचं काय देणं लागतो? फिलिपिनो संस्कारांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. 'उतांग ना लोओब' म्हणजे शब्दशः आतलं ऋण. आपल्याकडे उपकाराचं ओझं असतं, आणि ओझं निदान घटकाभर खाली ठेवता येतं. आतलं ऋण कुठे ठेवणार? ज्या देशातले लाखो आईबाप परदेशी राबून घरी पैसे पाठवतात, तिथल्या मुलांच्या मनात कृतज्ञता आणि रुसवा शेजारी शेजारी राहतात. घरात हा रुसवा बोलून दाखवणं म्हणजे उर्मटपणा. 'हिया', म्हणजे लाज, तोंड उघडू देत नाही. अनोळखी श्रोत्यांसमोर ते उघडतं, आणि हूगोत हा शब्द तिथे मूळ अर्थाने खरा होतो.

यावर कुणी म्हणेल, हमखास टाळ्या घेणारीच भावना मुलं मंचावर आणतात. बऱ्याचदा हे खरंच असतं. बेतलेला हुंदका लपत नाही. पण लोकांपुढे वठवलं म्हणून ते खोटं, असं म्हणायचं तर एप्रिल १९२४ मध्ये मनिलाच्या तोंदो भागात रंगलेला पहिला 'बालागतासान'ही खोटा ठरेल. आपल्या सवाल-जवाबाच्या जवळचा हा पद्यातला वाद. होसे कोराझोन दे हेसुस आणि फ्लोरेन्तिनो कोल्यांतेस या कवींपैकी एक फुलपाखरू झाला, दुसरा भुंगा, आणि एका फुलावर हक्क कुणाचा यावरून दोघे भांडले. वरून शृंगार, आत चक्क खटला! आजचं प्रेमभंगाचं काव्य याच वळणाचं आहे. थोरांचा मान या पिढीने सोडला, ही तक्रारही तितकीशी टिकत नाही. २०१७ च्या चित्रपटाचं नावच 'रेस्पेतो', म्हणजे आदर. त्यातला तरुण रॅपर एका म्हाताऱ्या कवीचं पुस्तकांचं दुकान लुटायला जातो, आणि नुकसानीची भरपाई म्हणून तेच दुकान त्याला दुरुस्त करून द्यावं लागतं; शब्दांचं शिक्षण त्याला मिळतं ते तिथेच.